खांबांच्या शेजारची माती

माझ्या वडिलांना एका माणसाने भर गल्लीत खाली मान घालायला लावली, आणि त्या माणसाचं काय करायचं याचा विचार मी सात वर्षं करत होते. राग हळूहळू निवतो असं म्हणतात. माझा निवला नाही. मी तो निवू दिला नाही, हे जास्त खरं.

वडील गवंडी. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. धुळ्याला देवपुरात, पांझरेकडे उतरत गेलेल्या आमच्या वस्तीत निम्मी घरं त्यांच्या हातची होती. विहाराची भिंत त्यांनी बांधलेली, शाळेच्या पाण्याच्या टाकीचा कट्टाही त्यांचाच. आमचं घर त्यांनी सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत दोन-तीन वर्षांत उभं केलं. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बांधून आलेला माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन पुन्हा आपल्या भिंतीशी बसायचा. आई विटा भिजवून द्यायची.

घराच्या पूर्वेला मोकळा प्लॉट होता. मी डिप्लोमा करून जळगावला एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते, तेव्हा त्या प्लॉटवर मंगल कार्यालय बांधायचं ठरलं. तिथली जमीन अवघड. वर पुरुषभर काळी माती, जी पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी तडकते. त्याखाली नदीने आणून टाकलेला मऊ गाळ. अशा जमिनीवर मोठी इमारत ठेवली तर ती खचते, म्हणून जमिनीत खडीचे खांब घालायचं ठरवलं होतं. एक जाड, थरथरणारा नळ पाण्याच्या जोरावर खाली उतरवायचा, त्याने केलेल्या भोकात खडी ओतायची, ठासायची, नळ वर घ्यायचा, पुन्हा खडी, पुन्हा ठासणं. असे शंभर-दीडशे खांब. वरून पाहिलं तर फक्त खडीचे गोल ठिपके दिसतात.

मी दर शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी यायचे. पहिल्या आठवड्यात यंत्र लांब होतं, फाटकाजवळ. आई म्हणाली, मांडणीवरची ताटं वाजतात दिवसभर, बाकी काही नाही. दुसऱ्या आठवड्यात पूर्वेकडच्या खोलीचं दार लागेना. तिसऱ्या आठवड्यात मी आले तेव्हा फरशी मधोमध उचललेली होती, पाण्याची कळशी ठेवली की कलायची. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत भेग गेली होती. समोरच्या अक्कांच्या हातपंपाला गढूळ पाणी येत होतं.

आबा सोमवारी सकाळी प्लॉटवर गेले. मी रजा टाकून थांबले होते, म्हणून मीही गेले. खांबांचं काम ज्यांच्या देखरेखीखाली होतं ते साहेब जळगावचे. शांत आवाजात बोलणारे, कधी घाई नसलेले. आबांनी त्यांना घरी नेऊन भेग दाखवली. दारात गल्लीतली दहा-पंधरा माणसं जमली.

साहेबांनी भेगेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "घर कोणी बांधलं?"

"मी बांधलं, साहेब."

"मग बरोबर आहे." ते लोकांकडे वळले. "याला पाया आहे का खाली? की विटा नुसत्या मातीवर मांडल्यात? या वस्तीतली घरं अशीच असतात. फुंकर मारली तरी भेगा पडतात. आमच्या कामाचा याच्याशी काही संबंध नाही."

त्यांच्याबरोबरचा यंत्रचालक हसला. गल्लीतलंही कोणीतरी हसलं, ते कोण होतं ते मला माहीत आहे. आबा खाली बघत राहिले. माणूस चुकला की तसाच खाली बघतो, त्यामुळे लोकांना वाटलं की आबा चुकलेत.

चार घरं सोडून एकाला वरचा मजला चढवायचा होता. आबांशी बोलणं झालेलं होतं. त्याने दुसरा गवंडी आणला. विचारलं तर म्हणाला, "आबा, आता तुमचं वय झालं." पुढच्या वर्षात कामं येईनाशी झाली. पायाचं काम तर कोणी देईना, तुटकं प्लास्टर, न्हाणीघराचा उतार, असलं काही आलं तर आलं. मग तेही थांबलं. आबांनी एके दिवशी थापी, रंधा, ओळंबा सगळं धुऊन, पुसून, पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. आईने विचारलं तर म्हणाले, "आते कोणले लागस?" म्हणजे आता कोणाला लागतंय.

साहेब ते बोलून गेले त्याच सोमवारी दुपारी मी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. काच ताणली जात नाही, तडकते. भिंत केसाएवढी जरी हलली तरी कळतं. फरशीची उंची मोजायला गवंडी पातळी बघतात ती पाण्याची नळी लावली, समोरच्या रस्त्याकडेच्या दगडावर खूण केली आणि तिथपासून मापं घ्यायला लागले. मी जळगावला असताना आई मापं घ्यायची. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण आकडा स्वच्छ काढायची. त्या दिवशी यंत्र कुठे उभं होतं तेही ती पावलांनी मोजून लिहायची: आज वीस पावलं, आज चौदा, आज नऊ. काम संपल्यावरही आम्ही थांबलो नाही. फरशी आणखी काही दिवस उचलत राहिली, मग बसायला लागली, आणि बसताना एका बाजूने जास्त बसली. दोन काचा उचलताना तुटल्या होत्या, तीन बसताना तुटल्या. दोनशे पानांची वही भरत आली.

का झालं ते मला नोकरीत कळत गेलं. खडीचा खांब काही स्वतःच्या बळावर उभा नसतो. शेजारची माती त्याला चारी बाजूंनी आवळून धरते म्हणून तो भार घेतो. म्हणून खांब घालताना त्या मातीचं काय होतं हे आधी बघायचं असतं. भोकातली माती नाहीशी होत नाही, बाजूला ढकलली जाते. रेती असेल तर ती दाबून घट्ट होते, चांगलंच होतं. चिकण गाळ तसा लगेच दबत नाही. त्याच्या पोटातलं पाणी कोंडतं, तो सुजतो, काही काळ त्याची ताकद जाते, आणि जागा मिळेल तिकडे वर उचलतो. पुढे ते पाणी हळूहळू खडीच्या खांबातून निघून जातं, गाळ बसतो आणि आधीपेक्षा पक्का होतो. कार्यालयाला हे फायद्याचं. शेजारच्या घराला मात्र आधी वर ढकललं जातं आणि मग खाली सोडलं जातं. त्यात वरच्या काळ्या मातीत नळाचं पाणी मुरलं की ती वेगळीच फुगते.

यावर उपाय अवघड नव्हते. घराच्या बाजूने सुरुवात करून मोकळ्या बाजूला सरकत जायचं, म्हणजे माती घरापासून लांब ढकलली जाते. मध्ये एक चर खणायचा. घराजवळचे खांब पाण्याशिवाय, कोरडे घालायचे. साहेबांनी नेमकं उलट केलं होतं. यंत्र फाटकातून आलं होतं, फाटकापासून सुरुवात सोयीची होती. शंभर-दीडशे खांबांनी ढकललेली माती आमच्या भिंतीकडे आली. त्यांना हे माहीत नव्हतं असं मी कधीच मानलं नाही.

प्रयोगशाळेत मी वर चढत गेले. सात वर्षांनी अहवालावर सही माझी असायची. जळगावच्या एका डाळमिलच्या शेठना नवीन गोदाम बांधायचं होतं. जागेची माती आमच्याकडे तपासायला आली, आणि सल्लागाराच्या नावाच्या जागी तेच साहेब होते. ते नाव वाचलं तेव्हा मी चहा पीत होते. चहा संपवला, कप धुऊन ठेवला, मग फाइल उघडली.

गोदामाच्या जागेला लागून कामगारांच्या खोल्यांची चाळ होती. पत्र्याची छपरं, विटांच्या भिंती. खाली पुन्हा काळी माती आणि मऊ चिकण गाळ. साहेबांनी खडीचे खांब सुचवले होते आणि सुरुवात पुन्हा फाटकापासूनच होती. मी अहवालात दोन ओळी घातल्या: शेजारच्या जमिनीवर परिणाम होईल, कामाचा क्रम बदलावा आणि चाळीच्या भिंतींची मापं घेत राहावं. साहेबांचा फोन आला. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं त्यांच्या लक्षात काही राहिलंच नव्हतं.

"मॅडम, त्या दोन ओळी काढून टाका. उगाच शेठ घाबरतील."

"शेठसमोरच बोलू," मी म्हणाले.

मिलच्या कार्यालयात आम्ही तिघे बसलो. बाहेर डाळ भरडण्याचा आवाज चालू होता, सगळ्यांना थोडं मोठ्याने बोलावं लागत होतं. शेठ वयस्कर, बेताचं बोलणारे. त्यांनी सरळ विचारलं, "साहेब, या खांबांनी शेजारच्या घराला कधी काही झालंय का?"

"इतक्या वर्षांत एकदाही नाही."

मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. "देवपूरचं मंगल कार्यालय आठवतं का, साहेब? पांझरेच्या बाजूचं."

त्यांनी वहीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. तिथे एक घर होतं. त्याला पायाच नव्हता."

"तुम्ही उकरून पाहिला होता?"

शेठनी चष्मा काढला. "पाहिला होता का, साहेब?"

"अनुभवाने कळतं, शेठ."

"ते माझ्या वडिलांचं घर आहे," मी म्हणाले. "उद्या उकरू. पाया निघाला नाही तर मी अहवालातल्या दोन्ही ओळी काढते. निघाला तर साहेबांनी गल्लीत उभं राहून तसं सांगायचं."

आज मागे वळून पाहते तेव्हा या वाक्याची मला लाज वाटते. चाळीत वीस-बावीस घरं होती. त्यांच्या भिंती मी आबांच्या पायावर पैजेला लावल्या होत्या. त्या वेळी माझ्या मनात चाळ नव्हती. साहेबांची मान खाली गेलेली मला बघायची होती, बाकी सगळं मी त्यासाठी वापरलं.

शेठ म्हणाले, "जा, बघून या. माझा माणूस पाठवतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेठच्या माणसाला घेऊन साहेबांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. आत येत नव्हती. मी घरोघरी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तेव्हा होते त्याच्या दुप्पट लोक होते. अक्का खुर्ची टाकून बसल्या होत्या. तेव्हा हसलेला माणूसही मी मुद्दाम बोलावून आणला होता. आबा ओट्यावर बसले होते. त्यांना हे सगळं नको होतं. आदल्या संध्याकाळी मला म्हणाले होते, "जाऊ दे ना माय." पण नको असं स्पष्ट म्हणाले नाहीत, आणि मी तेवढ्यावर पुढे गेले. कुठे उकरायचं ते मात्र त्यांनीच ठरवलं. पूर्वेच्या भिंतीचा पुढचा कोपरा, ओट्याच्या बाजूचा. फावडं ठेवून खूण केली आणि पुन्हा जाऊन बसले.

मजुराने खड्डा घेतला. एक फूट, दोन फूट, काळ्या मातीची ढेकळं वर येत होती, विटांची भिंत सरळ खाली जात होती. तीन फुटांवर दगडाचं काम दिसायला लागलं, पायरी पायरीने रुंद होत गेलेलं, सांधे भरलेले. त्याखाली मुरुमाचा थर. मी टेप साहेबांच्या हातात दिला.

"खाली उतरून मोजा."

त्यांनी बुटांकडे पाहिलं. मग उतरले. मातीने पँट गुडघ्यापर्यंत भरली. टेप धरून हळू म्हणाले, "साडेचार फूट."

"मागे ऐकू गेलं नाही."

"साडेचार फूट."

"आता सात वर्षांपूर्वी इथेच काय म्हणाला होतात ते सांगा. मग पाया कसा आहे ते सांगा."

खड्ड्यात उभ्या माणसाला वर बघूनच बोलावं लागतं. तेव्हा त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. ते म्हणाले, "मी म्हणालो होतो की या घराला पाया नाही. ते न बघता म्हणालो होतो. पाया व्यवस्थित आहे. काम चांगलं आहे."

"कोणाचं काम?"

"आबांचं."

अक्का म्हणाल्या, "आते बठ्ठास्नी ऐकं." सगळ्यांनी ऐकलं. हसलेला माणूस निघून गेला. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण अंगातून काहीतरी गरम खाली उतरत गेलं आणि त्या रात्री मी गाढ झोपले.

आबा ओट्यावरून उठले, खड्ड्याशी आले, साहेबांना हात देऊन वर घेतलं आणि म्हणाले, "चहा घेऊन जा." साहेबांनी चहा घेतला. मी दिला नाही, आईने दिला.

डाळमिलचं काम पुढे नीट झालं. चाळीच्या बाजूने सुरुवात केली, मध्ये चर खणला, जवळचे खांब कोरडे घातले. मी स्वतः भिंतींवर काचा लावल्या होत्या, एकही तुटली नाही. देखरेख मात्र साहेबांकडे राहिली नाही, शेठनी दुसरा माणूस घेतला. ती गोष्ट जळगावात आपोआप पसरली नाही. मी पसरवली. ज्या ज्या कार्यालयात अहवाल द्यायला जायचे तिथे चहा येईपर्यंत देवपूरचा खड्डा सांगायचे. सांगताना साडेचार फुटांवर थोडी थांबायचे. वर्षभरात साहेबांची बरीच कामं दुसरीकडे गेली. मला ते कळत होतं आणि मी सांगत राहिले.

आबांकडे कामं परत आली नाहीत. लोक नमस्कार जास्त करायला लागले, पण तोवर हात थरथरायला लागला होता. माळ्यावरचं पोतं त्यांनी काढलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी मागच्या स्वयंपाकघरातली भेग भरत होते. सगळ्यात रुंद भेग तीच होती, बोट जाईल एवढी. आबा शेजारी पाटावर बसून सिमेंट किती घट्ट कालवायचं ते सांगत होते. मध्येच म्हणाले, "मांगला कोपरा दोन फूटच शे."

मागचा पाया दोनच फूट? मी वळून पाहिलं.

"स्वयंपाकघर नंतर वाढवलं," ते म्हणाले. "तू होणार होतीस तेव्हा. पावसाच्या आत छत टाकायचं होतं. दगड संपले होते. म्हटलं पुढे कधी खालून भरू. राहून गेलं."

"म्हणून पुढचा कोपरा दाखवलात?"

"हा." मग म्हणाले, "साहेब निम्मा खरा होता माय."

मी हातातलं काम सोडून वही काढली. फरशीची मापं पुन्हा पाहिली. जमीन पुढेही उचलली होती आणि मागेही, जवळजवळ सारखीच. पुढच्या खोल पायाने ती ओढ सहन केली, भेग आली ती बारीक. मागचा उथळ पाया मातीबरोबर वर गेला आणि माती बसली तेव्हा तिच्याबरोबर खाली आला, म्हणून भेग रुंद. खांबांनी माती ढकलली हे खरं, आणि मागचा पाया कमी पडला हेही खरं. दोन्ही वहीत पहिल्यापासून होतं. मला त्यातलं एकच वाचायचं होतं, म्हणून मी एकच वाचलं.

आबांना विचारलं, "तेव्हा गल्लीत का नाही सांगितलं, पुढचा पाया साडेचार फूट आहे म्हणून?"

"मग तो म्हणाला असता, मागचा दाखव."

हे मी कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. गोष्ट सांगणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं. साहेबांना फोन करून खरं सांगावं असं एक-दोनदा मनात आलं, पण हात उचलला नाही. ते म्हणाले होते या वस्तीतली घरं अशीच असतात. तेवढ्या एका वाक्यासाठी दोन फुटांचा कोपरा मी माझ्याकडे ठेवला. ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही.

गेल्या वर्षी शिंदखेड्याच्या रस्त्याला एका पुलाच्या कामावर साहेब भेटले. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली होते, केस पांढरे झालेले. मी नमुने घ्यायला गेले होते. ते स्वतःहून जवळ आले.

"मॅडम, तुमच्यामुळे एक सवय लागली," ते म्हणाले. "आता आजूबाजूला घर असलं की आधी त्याचा पाया उकरून बघतो. चारही कोपरे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, ते मी पुष्कळ शोधलं. नव्हता.

"बरं करता," मी म्हणाले, आणि मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधायला लागले.